पूल बांधताय, मग सायकलची वाट आत्ताच आखा

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची चर्चा कोकण बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकत आला आहे. म्हणजे चाळीस वर्षे उलटून गेली. रस्ता तुकड्यातुकड्याने झाला, मोठ्या खाड्या तशाच राहिल्या. आता रस्ते विकास महामंडळाने पूल मनावर घेतले आहेत. रेवस-कारंजा, आगरदांडा, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर ही नावे आराखड्यात आहेत. पूल हवेतच. रात्री कुणाला अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि फेरी बंद झालेली असली की पलीकडचा किनारा समोर दिसत असूनही किती लांब असतो, हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणवरून जायचे तर शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो.

माझा प्रश्न एवढाच आहे, की या पुलांवरून सायकल जाणार का? कागदावर कुणी 'नाही' म्हटलेले नाही. पण आपल्याकडचा शिरस्ता पाहिला तर शंका यावी. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, त्यावर सायकल चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्यावर मोटारसायकलदेखील चालत नाही, मग सायकलचे काय घेऊन बसलात. पणजीत मांडवीवर २०१९ मध्ये तिसरा पूल झाला, तिथेही दुचाकीला बंदी. पूल जितका महाग तितकी त्यावरची गाडी वेगवान हवी आणि वेगवान गाड्यांच्या मध्ये सायकल नको, असे हे सरळ गणित आहे. त्यात सायकलवाल्याचा जीव वाचतो हे खरे. पण त्याला पलीकडे जायला दुसरी वाट ठेवली तरच हे गणित माणुसकीचे म्हणता येईल. आज ती वाट आहे, फेरीबोटीची. उद्या पूल झाला, मोटारी वरून जायला लागल्या, फेरीचे उत्पन्न आटले आणि फेरी बंद पडली, तर खाडी ओलांडण्याच्या बाबतीत सायकलवाला आजच्यापेक्षाही मागे जाईल. कोट्यवधी खर्चून आपण त्याची वाट काढून घेतलेली असेल.

म्हणून या लेखात मांडायची गोष्ट एकच आहे. कोकण किनाऱ्याला सायकलमार्गांचे सलग जाळे द्यायचे असेल तर वेगळा सायकल महामार्ग बांधायची गरज नाही. ते जाळे बव्हंशी आहेच. ते तुटू न देणे आणि जिथे तुटले आहे तिथे सांधणे हे खरे काम आहे, आणि ते पुलांचे नकाशे पक्के होण्याच्या आत करायला हवे.

जाळे आहे म्हणजे कसे, ते पाहा. थंडीच्या दिवसांत मुंबईहून गोव्याकडे सायकलींचे तांडे निघतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या वाटेला ते जात नाहीत. २०११ पासून सुरू असलेले त्याचे चौपदरीकरण हा कोकणी माणसाच्या सहनशीलतेचा वेगळा अध्याय आहे. ते समुद्राच्या कडेने जातात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला किंवा रेवसला उतरतात, रेवदंड्याला पूल ओलांडतात, काशीद-मुरूडवरून आगरदांड्याला येतात, फेरीने दिघीला, पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेश्वीला, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे. तिथून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, पुन्हा फेरी, जयगड. गणपतीपुळ्यापासून रत्नागिरीपर्यंतचा आरे-वारेचा रस्ता तर असा आहे की शंभर वेळा पाहिलेला माणूसही तिथे थांबतोच. पुढे पूर्णगड, जैतापूर, देवगड, आचरे, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, रेड्डी. आणि तेरेखोलला गोवा सरकारची फेरी पलीकडे केरीला सोडते. यातला कुठलाही रस्ता सायकलसाठी म्हणून बांधलेला नाही. जिल्हा परिषदेचे ग्रामीण रस्ते, बांधकाम खात्याचे जिल्हा मार्ग आणि मेरीटाइम बोर्डाच्या जेट्ट्या यांच्यातून लोकांनीच तो शोधून काढला आहे.

तो तुटतो कुठे? सर्वात आधी साइडपट्टीत. ही गोष्ट नकाशावर दिसत नाही, सायकलवर बसले की दिसते. दरवेळी डांबरीकरण झाले की रस्ता दोन बोटे वर येतो आणि साइडपट्टी होती तिथेच राहते. कागदोपत्री तिच्यावर मुरूम टाकलेला असतो. पहिल्या दोन पावसांत तो वाहून गटारात जातो आणि डांबराच्या कडेला चार बोटांची उभी पायरी तयार होते. मागून डंपरने भोंगा वाजवला म्हणून सायकलवाला डावीकडे उतरतो, उतरणे एक वेळ जमते. पुन्हा वर चढताना पुढचे चाक त्या कडेला घासते, हँडल हातातून सुटते आणि माणूस पडतो तो डावीकडे मातीत नव्हे, उजवीकडे रस्त्यावर. मागून येणाऱ्या गाडीपुढे. चार बोटांच्या त्या पायरीला मुरूम, दबाई आणि पावसाळ्यानंतर एक फेरतपासणी एवढाच खर्च आहे. सायकल ट्रॅकच्या उद्घाटनाला मंत्री येतील, साइडपट्टीच्या दबाईला कोण येणार? पण सायकलच्या दृष्टीने यातले काय मोलाचे आहे, ते कुठल्याही शाळकरी पोराला विचारा.

दुसरी तुटण्याची जागा जेटीवर. ओहोटी असली की उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. फेरीची लोखंडी फळी त्यावर धाडकन पडते, मोटारी आधी चढतात, मग मोटारसायकली, मग उरलेल्या जागेत माणसे आणि सायकली. चढताना चप्पल घसरते, सायकल घसरते, पाववाल्याची टोपली घसरते. कडेने हातभर रुंदीची खरबरीत पट्टी आणि एक कठडा, एवढ्याने हे काम भागते.

पाववाल्याचा उल्लेख सहज केलेला नाही. प्रादेशिक सायकलमार्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हेल्मेट, चकचकीत जर्सी आणि पन्नास हजारांची सायकल येते. पर्यटन खात्याच्या डोळ्यांपुढे तर नक्कीच. पण किनाऱ्यावरच्या गावांत सायकल रोज वापरतो कोण? सकाळी सहाला मागच्या टोपलीवर निळे प्लॅस्टिक बांधून भोंगा वाजवत फिरणारा पाववाला. गोव्यातला पोदेर तर त्याच भोंग्याने गाव उठवतो. बंदरावरून मासळी आणणारा, दुसऱ्याच्या बागेत कामाला जाणारा गडी, आणि शाळेत जाणाऱ्या मुली. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देते. योजना चांगली आहे. मुलगी शाळेत टिकते. पण ती मुलगी ज्या रस्त्याने सायकल चालवणार, त्या रस्त्याबद्दल त्या योजनेत एक ओळ नाही. सायकल देणारे खाते वेगळे, रस्ता देणारे वेगळे, आणि दोघांच्या मध्ये डंपर.

स्थानिकांपासून सुरुवात करा असे मी म्हणतो ते भावनेपोटी नव्हे, त्यामागे हिशेब आहे. कोकणात सायकलवरच्या पर्यटकाचा हंगाम फार तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर उकाडा, जूननंतर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिन्यांच्या पाहुण्यासाठी बांधलेली कुठलीही गोष्ट उरलेले आठ महिने बेवारस पडते. तिच्यावर जाळी वाळत पडतात, चिऱ्याचे ढीग पडतात, गाड्या उभ्या राहतात. जी वाट रोज सकाळी साडेसहाला शाळेची मुले वापरतात, तिच्यावर ढीग टाकला तर गावातच बोंब होते. पर्यटकाला वेगळी वाट लागतच नाही. मुलगी ज्या रस्त्याने निर्धास्त जाते त्या रस्त्याने तो आनंदाने जाईल. उलटे मात्र होत नाही.

उलटे केल्याचे नमुने हवे असतील तर लांब जायला नको. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर. तिथे २०१७ मध्ये महापालिकेने मोठा सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८२४ किलोमीटरच्या सायकलमार्गांचे जाळे होते. आधीचे ट्रॅकही होतेच. आज त्या ट्रॅकवरून जाऊन पाहा: दोनशे मीटर मार्ग, मग विजेचा डीपी, मग बसथांबा, मग पेव्हर ब्लॉक उखडलेला चौक, आणि चौकात तुम्ही पुन्हा पीएमपी बसच्या चाकाजवळ. त्याच सुमारास शहरात पिवळ्या-केशरी भाड्याच्या सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत गेल्याही. सायकली कमी पडल्या म्हणून हे झाले नाही. सलग रस्ता नव्हता. दहापैकी नऊ किलोमीटर सुरक्षित आणि एक जीवघेणे असेल तर आई मुलाला सायकलवर पाठवत नाही; त्या आईच्या लेखी ते जाळे शून्य किलोमीटरचे असते.

आणि मुंबईने वेगळा धडा दिला. पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक करायचे महापालिकेने ठरवले, काम सुरूही केले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून बांधकाम काढायला सांगितले. तो ट्रॅक कुठून कुठे जात होता, कोणाला कामावर पोहोचवत होता? तलावाभोवती फिरवून आणत होता. सुशोभीकरणाला सायकलचे नाव दिले की पर्यावरणाची परवानगीही मिळेल असा तो समज होता. किनाऱ्यावर हा मोह जास्त आहे, कारण सुरूबन, वाळूचे दांडे आणि कांदळवन यांच्यातून जाणारा लाकडी फळ्यांचा ट्रॅक फोटोत फार छान दिसतो. वेळास-आंजर्ल्याला कासवे अंडी घालायला येतात त्या वाळूच्या डोक्यावर असला ट्रॅक आला तर पहिला विरोध मी करीन.

मग करायचे काय? मला बेल्जियमची एक गोष्ट फार आवडते. तिथल्या लिम्बुर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या. खाणीतल्या बोगद्यांच्या प्रत्येक सांध्याला क्रमांक असे, म्हणजे अंधारात माणूस चुकत नसे. ह्यूगो बोलन या खाण अभियंत्याने तीच पद्धत जमिनीवर आणली. आहेत त्याच शांत ग्रामीण रस्त्यांच्या प्रत्येक नाक्याला एक क्रमांक दिला आणि पाटीवर शेजारच्या क्रमांकांकडे बाण. १९९५ मध्ये हे जाळे सुरू झाले, मग सगळ्या फ्लांडर्समध्ये आणि नेदरलँडमध्ये पसरले. घरून निघताना चिठ्ठीवर चार-पाच आकडे लिहून घ्यायचे आणि निघायचे. पैसा लागला तो मुख्यतः पाट्यांना, आणि वाहतूक कमी असलेले रस्ते शोधण्याच्या मेहनतीला. खाणी बंद पडलेल्या त्या भागात या रस्त्यांवर चहा-नाश्त्याची छोटी ठिकाणे उभी राहिली.

कोकणात याहून सोपे आहे. आपल्याकडे नाके आहेत, तिठे आहेत, प्रत्येक नाक्यावर एक टपरी आहे. क्रमांकाच्या पाटीवर पुढच्या नाक्याचे अंतर लिहा आणि त्यासोबत चढ किती मीटरचा ते लिहा. ही दुसरी गोष्ट बेल्जियमला लागली नाही, आपल्याला लागेल. कारण इथला रस्ता खाडीपासून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा उतरतो. बारा किलोमीटर म्हणजे सपाट बारा की दोन घाट्या चढून बारा, यात सायकलवाल्याचा अख्खा दिवस बदलतो. फेरीच्या धक्क्यावरच्या पाटीवर पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ हवी, आणि पाणी कुठे मिळेल तेही. सड्यावर एप्रिलमध्ये दहा-दहा किलोमीटर सावलीचे झाड सापडत नाही.

चढाचा विषय निघालाच आहे तर तो नेहमीचा आक्षेप आताच घेतो. 'कोकणात कसली सायकल, चढ बघितलेत का?' बघितलेत. पण लोक रोज जातात ती अंतरे बहुतेक चढावर नाहीत. मांडवा ते रेवदंडा, गुहागर ते असगोली, आचरे ते तोंडवळी, वेंगुर्ले ते शिरोडा या पट्ट्यांत बाजार, शाळा, दवाखाना, देऊळ सगळे माडाच्या सावलीत, खालच्या अंगाला आहे. आणि सड्यावर चढायचेच असेल तर आता बॅटरीची सायकल आहे. मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर कायद्याने ते मोटार वाहनच नव्हे. नोंदणी नको, परवाना नको. सोळा वर्षांच्या मुलीला आणि गुडघे दुखणाऱ्या साठीच्या आजोबांना दोघांनाही चालते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गावातली पोरे सायकल टाकून गाडी घ्यायला उतावीळ आहेत, आणि दहावी झाली की सरकारी सायकल पडवीत गंजते. हे मी नाकारत नाही. ज्याच्याकडे गाडी घेण्याची ऐपत आली त्याने सायकलच चालवावी असा उपदेश शहरातल्या माणसाने करू नये. पण सायकल सोडण्यामागे हौस किती आणि भीती किती, हे पाहायला हवे. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर शनिवारी सकाळी जाऊन उभे राहा. आक्षी, नागाव, चौलच्या वाड्यांमधून जाणारा तो अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गडगे, आणि मुंबई-पुण्याच्या मोटारींची अखंड रांग. तिथे गावातली बाई सायकलवरून बाजारात जात नाही, कारण शनिवार-रविवारी रस्ता तिचा राहत नाही. हा रस्ता रुंद करायचा म्हटले तर पोफळीच्या वाड्या जातील. लोक विरोध करतील आणि तो रास्त असेल. पण गावठाणाच्या हद्दीत ताशी तीसची मर्यादा, ती पाळली जाईल असे गतिरोधक, आणि सुटीच्या दिवशी डंपरला ठरावीक तासांत बंदी, याला एक गुंठाही जमीन लागत नाही. मोटार वाहन कायद्यात वेगमर्यादेसाठी आणि वाहनांवर निर्बंध घालण्यासाठी कलमे पूर्वीपासून आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये भर घातली आणि पादचारी व बिनमोटारीची वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना स्पष्टपणे दिला. अधिकार आहे, तो वापरायचा कुणी एवढेच ठरायचे आहे.

आणि खरी गाठ तिथेच आहे. गावातला रस्ता जिल्हा परिषदेचा, पुढचा बांधकाम खात्याचा, पूल रस्ते विकास महामंडळाचा, जेटी मेरीटाइम बोर्डाची, फेरी ठेकेदाराची, आणि तेरेखोल ओलांडली की राज्यच दुसरे. सायकलवाला एका दिवसात या सगळ्यांच्या हद्दीतून जातो आणि तो कुणाचाच नसतो. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांवर ज्याची नजर जाते असे एकच टेबल आहे, बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांचे. तिथे एक अभियंता आणि एक नियोजनकार बसवा. त्यांच्या हातात नवा निधी नसला तरी चालेल, पण तीन जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांतून साइडपट्टी, पाट्या आणि जेटीच्या कामांना पैसे मागण्याचा आणि पुलांच्या नकाशावर शेरा मारण्याचा हक्क असावा. सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर केले तेव्हापासून पर्यटनावर पुष्कळ खर्च झाला. त्यातला बहुतेक पैसा दोन-चार ठिकाणी जाऊन बसला. मोटारीचा पर्यटक अलिबाग, गणपतीपुळे, मालवण असा उड्या मारत जातो. सायकलवाला चाळीस-पन्नास किलोमीटरवर थकतो, म्हणून तो केळशीत राहतो, हेदवीत जेवतो, जैतापूरला लिंबू सरबत पितो. निवास-न्याहारीची पाटी लावून बसलेल्या छोट्या घरांना हाच पाहुणा परवडतो.

त्याला तिथवर येऊ तरी द्या. एसटीच्या टपावर पूर्वी सायकल, कोंबड्यांची डालगी, आंब्याच्या पेट्या सगळे जायचे. टप गेला तशी सायकलही गेली. कोकण रेल्वेने सायकल न्यायची तर ती पार्सलने ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी लागते आणि तुमच्याच गाडीने ती येईल याचा भरवसा नाही. दिवा-सावंतवाडीसारख्या गाडीत सायकली अडकवायला अर्धा डबा ठेवला तर काय बिघडेल? भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट जाते, तिच्यात मोटार चढते तशी सायकल चढते आणि कुणाला त्याचे अप्रूप वाटत नाही.

सुरुवात दोन टोकांना करावी. उत्तरेला मांडवा ते रेवदंडा, जिथे गर्दीचा त्रास सर्वात जास्त आहे आणि मुंबईची बोट दाराशी आहे. दक्षिणेला वेंगुर्ले ते तेरेखोल, जिथे अजून रस्ता शांत आहे आणि गोव्याचा पाहुणा पलीकडच्या काठावर उभा आहे. मधली खाडीमागून खाडी पुढच्या पाच-सहा वर्षांत जोडता येईल, पुलांची कामे होतील तशी.

पुलांबाबत मात्र पाच वर्षे थांबता येणार नाही. प्रत्येक पुलाच्या नकाशात कठड्याआड दोन मीटरचा पायी व सायकलमार्ग आत्ताच घालावा लागेल. बांधून झालेल्या पुलाला तो मागाहून चिकटवता येत नाही. ज्या पुलावर तो शक्यच नाही असे महामंडळ लेखी सांगेल, तिथली फेरी पूल झाल्यावर किमान माणसे आणि सायकली नेण्यापुरती चालू ठेवावी आणि तिचा तोटा पुलाच्या खर्चात धरावा. गोवा सरकारचे नदी परिवहन खाते वर्षानुवर्षे पायी चालणाऱ्याला फुकट पलीकडे नेते, ते काही दिवाळखोर झालेले नाही. दाभोळ आणि जयगडच्या ग्रामसभांनी हा ठराव पुलाच्या जनसुनावणीत मांडायला हरकत नाही. ज्यांना रोज फेरी लागते ती माणसे त्यांच्याच गावातली आहेत.